सुरगाठ

तिकिटं मी फाडते, खेळ संपल्यावर खुर्च्याही मीच उचलते,
म्हणून कोण कधी उठलं ते मला नेमकं ठाऊक.
चाळिसाव्या मिनिटाला ओट्ट,
त्याच्या पाठोपाठ बेकरीतली दोघं,
मग अख्खी चौथी रांग,
मग अंधारात नुसतेच बूट.

पडद्यावर तेव्हा एक नाव होती.
एका माणसानं ती धक्क्याला बांधली,
टोपी नीट केली, चौकटीबाहेर गेला,
आणि पावणेतीन तासांत परत आला नाही.
नाव हलत राहिली. राखाडी पाणी.
एकदा एक पाणकावळा आला.
त्याला लोक हसले. तेवढंच.

फेब्रुवारी होता. आमच्या हीउमा बेटाभोवती समुद्र गोठलेला,
बर्फावरून मोटारी जायचा रस्ता नुकताच खुला झालेला,
दिग्दर्शक त्याच रस्त्यानं तालिनहून आला होता,
पातळ बूट घालून.

आमच्याकडे भांडण म्हणजे दोन वाक्यं
आणि मधे चहा निवेल एवढी शांतता.
त्या रात्री मात्र कोट अडकवायच्या जागी
कोट घालायचंच लोक विसरले.

ओट्टनं पैसे परत मागितले,
तेही अर्धेच. "अर्धाच पाहिला ना."
वाचनालयातली हेल्यू म्हणाली, नाव म्हणजे हे बेट.
जाणारे गेले, आपण हलतोय जागच्या जागी.
ओट्ट म्हणाला, मग बेटच बघतो की,
खिडकीतून फुकट दिसतं.
हेल्यू म्हणाली, तू खिडकीतून फक्त
शेजाऱ्याची नवी गाडी बघतोस.
कुणी म्हणालं, थोर आहे. कुणी म्हणालं, थोर असेल,
पण माझी कंबर धरली.
माल्ले रडली होती. का, असं विचारल्यावर
ती हातमोजा शोधायला लागली,
जो तिच्या हातातच होता.

दिग्दर्शक मान हलवत होता,
दोन्ही बाजूंना सारखीच.

वाम्बोला सगळ्यात शेवटी बोलला.
साठ वर्षं हेरिंग धरलेला माणूस,
बोटं अजूनही जाळ्याच्या मापानं वाकलेली.
"गाठ कोणी मारली?"
"नटानं," दिग्दर्शक म्हणाला.
"सुरगाठ आहे ती."
कुणाला काही कळेना.
"नावेला निरगाठ मारतात. ही वारा फिरला की सुटेल."
आणि मग, आम्हा सगळ्यांकडे बघत, खरोखर चिडून:
"पावणेतीन तास बघत बसलात.
एकाचंही लक्ष नाही?"

दिग्दर्शकाची मान थांबली.
"मी तेच म्हणत होते," हेल्यू हळूच म्हणाली.
"नाही," ओट्ट म्हणाला, "तू बेट म्हणालीस."

रविवारी दुसरा खेळ.
मी पाच तिकिटं काढून ठेवली होती, तीही आशेनं.
वाम्बोला आला. पहिली रांग, मधली खुर्ची,
पायात गमबूट.
ओट्टही आला, त्याला घरी सोडायला म्हणे,
आणि तीन तास आधीच येऊन बसला.

मी एरवी दाराशी उभी राहून
मनातल्या मनात उद्याची कामं मोजते.
त्या दिवशी दोर बघितला.
दोर ताणायचा, सैल पडायचा,
पुन्हा ताणायचा,
आणि पुढे वाम्बोलाची बोटं गुडघ्यावर
तीच गाठ सोडवून पुन्हा मारत होती,
पुन्हा, पुन्हा, बरोबर.
पाणी चढलं तेव्हा माझ्या लक्षात आलं,
झाडूचा दांडा मी घट्ट धरलाय.
मागून ओट्टचा श्वास ऐकू येत होता.
पाणकावळ्याला कुणी हसलं नाही.

दिवे लागले.
नाव कशी आहे, कुणाची आहे, थोर आहे का,
यावर कुणी काही बोललं नाही.
वाम्बोलानं टोपी नीट केली.
"आज टिकली," म्हणाला.
दारापर्यंत गेला, वळला.
"पुढचा खेळ कधी?"

गुरुवारी, मी म्हणाले.
गुरुवारी इथे नाचाचा वर्ग असतो.